चौथी कॉपी

या सदरातले अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आलोय. खोटं कशाला बोलू? कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाच्या मोटारसायकलवर मागं कुणीतरी येऊन बसतं... मी वाचायचो आणि बायकोला सांगायचो, "हा माणूस थापा मारतोय, आणि या बाईनं तर दुसऱ्याची गोष्ट आपली म्हणून लिहिलीय." माझा स्वभावच तसा आहे. गॅसचं सिलेंडर आलं की मी ते हलवून बघतो. डॉक्टरनं गोळी लिहून दिली की दुसऱ्या डॉक्टरला विचारून येतो. बायको म्हणते, "तुम्ही आरशात बघतानासुद्धा समोरच्याला 'कोण आपण?' विचाराल." असा माणूस भुताखेतांवर कसला विश्वास ठेवणार! भूत समोर आलं असतं तर मी आधी त्याचं रेशनकार्ड मागितलं असतं.

त्यामुळं पुढं जे लिहितोय ते माझ्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. पण लिहितोय.

साल २००६, मे महिना. गाव सेनगाव, जिल्हा हिंगोली. बसस्टँडवरून हिंगोलीकडं निघालं की डाव्या हाताला एक कृषी सेवा केंद्र होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर माझा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास. बाहेरून लोखंडी जिना, एकच दार, एकच खिडकी आणि तिला गज. वर पत्रे. दाराला एक कुलूप आणि त्याच्या दोन किल्ल्या. एक माझ्याकडं, दुसरी शोभाताईंकडं.

शोभाताई खंदारे माझ्याकडं काम करायच्या. वय सदतीस-अडतीस. नर्सिंगचा कोर्स झालेला, नवरा वारलेला, सेनगावातच भावाकडं राहायच्या. आधी मराठी टायपिंग शिकायला आल्या, मग हात इतका बसला की मीच त्यांना म्हणालो, क्लास सांभाळायला थांबा. कमी बोलायच्या. आल्या की आधी टेबल पुसायच्या, मग डबा खिडकीत ठेवायच्या, मग कामाला बसायच्या. आरोग्य खात्यात राखीव जागेवर त्यांची निवड झालीय आणि कसल्यातरी कागदासाठी ऑर्डर अडलीय, एवढंच मला माहीत होतं. कसला कागद ते मी विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मला एक मोठं काम मिळालं. नरसीच्या पुढं, आतल्या अंगाला एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली शाळा निजामाच्या काळातली. शाळेनं आपली जुनी प्रवेश रजिस्टरं स्कॅन करून सीडीवर घ्यायचं ठरवलं. या रजिस्टरात कोण लेकरू शाळेत कधी आलं, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा कधी सोडली, सगळं असतं. अर्ध्या गावाचे दाखले त्याच्यावर उभे असतात. काही पानं उर्दूत, काही मोडीत, काही मराठीत. कागद असा की जोरात फुंकर मारली तरी तुकडा पडेल.

रजिस्टरांसोबत रंगनाथमामा यायचे, शाळेचे शिपाई. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. लाल फडक्यात बांधलेला बस्ता मांडीवर घेऊन जीपनं अडीच-पावणेतीनला यायचे आणि सहाच्या गाडीनं तो तसाच परत घेऊन जायचे. रजिस्टर बाहेर ठेवायचं नाही, असा हेडमास्तरांचा हुकूम होता. मामा तर लघवीला जातानाही बस्ता काखेत मारून न्यायचे.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, कारण सगळी भानगड तिथंच आहे. माझ्याकडं स्कॅनर तीन होते, पण त्यांना जोडण्यासारखा दमदार कॉम्प्युटर एकच. आणि माझं ते स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर एका वेळी एकच स्कॅनर ओळखायचं. मोठं पान, एकेक मिनिट लागायचं, अशानं दिवाळी आली असती. मग मी शक्कल लढवली... सॉफ्टवेअरचं आख्खं फोल्डर उचलून त्याच्या कॉप्या केल्या. पहिली कॉपी पहिल्या स्कॅनरला, दुसरी दुसऱ्याला, तिसरी तिसऱ्याला. पडद्यावर तीन खिडक्या शेजारी शेजारी. एकावर पान चालू आहे तोवर दुसऱ्यावर लावायचं. शोभाताईंना ते इतकं जमलं की त्या तिन्ही स्कॅनरमध्ये चुलीवर तीन तवे असल्यासारख्या फिरायच्या. जाड रजिस्टरवर झाकण बसायचं नाही, म्हणून पान हातानं कडेला दाबून धरायचं. त्यामुळं आमच्या प्रत्येक स्कॅनमध्ये कडेला शोभाताईंची बोटं आणि काचेच्या हिरव्या बांगड्या यायच्या. ते नंतर कापून टाकायचं.

सुरुवातीला एक गाढवपणा माझ्याकडून झाला. फोल्डर कॉपी करताना त्यातली सेटिंगची फाईलही जशीच्या तशी कॉपी झाली, आणि दोन कॉप्या एकाच जागी पानं साठवू लागल्या. एकीचं पान दुसरीच्या पानावर बसायचं. चाळीसेक पानं अशी गेली, ती पुन्हा करावी लागली. तेव्हापासून मी दर कॉपीची सेटिंग रोज स्वतः तपासायचो. म्हणजे, पुढं जे झालं ते या चुकीमुळं नाही, हे मी खात्रीनं सांगू शकतो.

तीन कॉप्यांशिवाय मी एक चौथीही करून ठेवली होती. एखादी बिघडली तर असावी म्हणून. तिला स्कॅनर जोडलेला नव्हता. सेटिंगमध्ये स्कॅनरच्या नावाची ओळ कोरी.

आणि लोडशेडिंग! त्या उन्हाळ्यात आमच्याकडं सकाळी आठला लाईट जायची ती दुपारी दोनला यायची. म्हणून मी कॉम्प्युटर असा लावला होता की लाईट आली की तो आपोआप चालू होईल आणि कॉप्या आपोआप उघडतील. आपण जेवून येईपर्यंत सगळं तयार. चौथीही त्यांच्यासोबत उघडायची, "स्कॅनर सापडला नाही" असं सांगायची आणि गप पडून राहायची.

"सर, ही चौथी काहून उघडून राहिली रोज?" शोभाताईंनी एकदा विचारलं.

"राहू द्या. खात-पीत नाही काही," मी म्हणालो.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जुनं रजिस्टर आलं. मी सवयीप्रमाणं आधी पानं मोजली. बेचाळीसनंतर एकदम पंचेचाळीस. म्हणजे एक पान, पुढची-मागची बाजू धरून त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस, गायब. फाटल्याची खूणही नाही. पुढं माझ्यावर बिल फाटायला नको म्हणून मी मामांकडून लिहून घेतलं की हे पान आधीपासूनच नाही.

"माझ्या आधीपासून न्हाई ते," मामा सही करता करता म्हणाले. "मी लागलो नोकरीला तवाच न्हवतं. माझ्या आधीच्या शिपायालाबी म्हाईत न्हाई."

शोभाताई तेव्हा तिथंच उभ्या होत्या. मी ते लक्षात ठेवलं, कारण मी सगळंच लक्षात ठेवतो.

दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, मी तीनला क्लासवर गेलो तर चौथ्या खिडकीत खाली आकडा दिसला. पाने: १.

फोल्डर उघडलं. खरंच एक फाईल. नुसता करडा रंग आणि एका कडेला काळी पट्टी. वेळ दोन वाजून तीन मिनिटं. म्हणजे लाईट आल्या आल्या. मी शोभाताईंना विचारलं, "तुम्ही चौथीला हात लावला?" त्या म्हणाल्या, "न्हाई सर, मी सव्वादोनला आले." मी सेटिंग बघितली. स्कॅनरची ओळ कोरीच. म्हटलं, असेल सॉफ्टवेअरचा लफडा.

बुधवारी पाने: २. पुन्हा दोन वाजून तीन मिनिटं. या वेळी करड्या रंगावर लाल उभ्या रेघा होत्या. रजिस्टराचे रकाने असतात तशा. अक्षर एकही नाही.

आता माझं डोकं चालू झालं. दोन वाजून तीन मिनिटांनी क्लास बंद. मामांची जीप त्या वेळी नरसीच्या अलीकडंही आलेली नसायची, म्हणजे रजिस्टर इथं नाही. आणि किल्ल्या दोनच. एक माझ्या खिशात... दुसरी कुणाकडं? मी त्याच संध्याकाळी "कुलपात तेल सोडायचंय" असं सांगून शोभाताईंची किल्ली मागून घेतली. त्यांनी एक क्षण माझ्याकडं बघितलं आणि पदराच्या गाठीतून काढून दिली.

गुरुवारी सकाळी मी कुलूपच बदललं. दुपारी स्वतः उघडलं, शोभाताई खाली दुकानाच्या सावलीत थांबलेल्या. पाने: ३.

तिसऱ्या फाईलमध्ये रेघा होत्या, कोपऱ्यात फिकट आकडा होता — त्रेचाळीस, मराठीत — आणि कडेला चार बोटं होती. पान दाबून धरलेली. पुरुषाची, जाड, नखं मोडकी. बांगडी नाही.

माझ्या अंगावर काटा आला, पण काटा आला म्हणून माझा संशय थांबत नाही. मामा आल्यावर मी त्यांना म्हटलं, "मामा, जरा हात द्या." आणि त्यांचा पंजा काचेवर ठेवून स्कॅन केला!

"हे काय करून राहिले सर? हस्तरेषा बघता काय?" मामा हसायला लागले.

मामांची बोटं बारीक, लांब. माझीही फाईलमधल्या बोटांसारखी नाहीत, तीही मी ताडून बघितली. शोभाताई बाजूला उभं राहून सगळं बघत होत्या. मी त्यांना फाईल दाखवली नाही. त्यांनीही "काय चाललंय" असं विचारलं नाही. मला वाटलं, ज्याला माहीत असतं तोच विचारत नाही.

त्या संध्याकाळी मामांना गाडीवर सोडायला गेलो तेव्हा ते सहज बोलता बोलता म्हणाले, "त्या ताईचं कसं व्हायचं आता? जूनअखेरची मुदत हाय म्हनं."

"कसली मुदत?"

"अवो, जात पडताळणीची. तिचं मूळ गाव आमचंच. तिच्या आज्याची नोंद पायजे जुनी. ताईनं दोन अर्ज केलते की शाळेत. आजा शाळेत गेलता म्हनती. आमी सगळी रजिस्टरं पाहिली, नाव न्हाई. असलंच तर त्या गेलेल्या पानावर असंल, दुसरीकडं कुठं जागाच न्हाई." मग मामा हळू आवाजात म्हणाले, "पन सर, त्या काळात त्या वस्तीतलं कोन शाळंत जायाचं? तुमीच सांगा."

मला एकदम सगळं जुळल्यासारखं वाटलं. बाईला जे पान पाहिजे तेच पान गायब. तेच पान माझ्या कॉम्प्युटरवर हळूहळू तयार होतंय. बाईला कॉम्प्युटर येतो. बाईनं मला यातलं काही सांगितलेलं नाही. झालं! मी जीप सुटेपर्यंत तिथंच उभा होतो आणि, आज लिहायला लाज वाटते, मला बरं वाटत होतं. चोर सापडल्याचं समाधान.

शुक्रवारी मी पावणेदोनलाच क्लासवर गेलो आणि दाराला आतून कडी घातली. तिन्ही स्कॅनरच्या केबली उपसून टेबलावर गुंडाळून ठेवल्या. पत्रे तापलेले, पंखा बंद, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. रंगेहाथ पकडायचं होतं ना! काय पकडणार होतो ते मलाही माहीत नव्हतं.

दोनला लाईट आली. पंखा फिरला. कॉम्प्युटर आपला आपण चालू झाला. एकेक करत खिडक्या उघडल्या. पहिली: स्कॅनर सापडला नाही. दुसरी, तिसरी... बरोबरच होतं, केबली माझ्यासमोर पडल्या होत्या. चौथी उघडली. तिनंही तेच सांगितलं.

मग चौथ्या खिडकीतला तो निरोप आपोआप मिटला. मी माऊसला हात लावला नव्हता, दोन्ही हात गुडघ्यांवर होते. खालची हिरवी पट्टी सरकू लागली. स्कॅनरचा आवाज नाही, काचेखाली उजेड नाही. पडद्यावर वरून खाली पान उतरत आलं. लाल रेघा, कोपऱ्यात त्रेचाळीस, काळी शाई, वळणदार मराठी अक्षर. मधोमध शाईचा डाग, पेरूएवढा. कडेला तीच चार बोटं. आणि पान संपल्यावर, हे मी पैजेवर सांगतो, त्यातलं एक बोट किंचित उचललेलं होतं. पान झालं की आपण हात काढायला लागतो तसं.

मी घाबरलो. खुर्ची मागं सरकवून भिंतीला टेकलो. पण भीती किती वेळ टिकली म्हणता? पाच मिनिटं. नंतर डोक्यानं आपला जुना रस्ता धरला. हे आधीच करून ठेवलेलं असणार. फाईल आत लपवून, वेळ लावून ठेवली असणार. हल्ली काय करता येत नाही! जे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं त्यापेक्षा शोभाताई लबाड आहेत हे मानणं मला सोपं गेलं.

वीस मिनिटांनी दार वाजलं, मी कडी काढली. शोभाताई आत आल्या, टेबल पुसायला फडकं घेतलं आणि पडद्याकडं बघून थांबल्या. वाकून वाचायला लागल्या. ओठ हलत होते. सातव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "सर... हा माझा आजा."

आजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, आडनाव, गाव. जातीच्या रकान्यात तेव्हाच्या पद्धतीनं लिहिलेली जात. फसली सन, म्हणजे निजामाच्या काळातलं वर्ष. शेरा: इयत्ता दुसरीतून नाव कमी.

"दुसरी शिकलेले," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "माझा बाप सांगायचा, आजा पायरीखाली बसून शिकला, सही करायचा. कोणाला खरं वाटत न्हवतं सर. हे पान कुठं सापडलं?"

"ते तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी बोलत गेलो. दोन अर्ज काहून लपवले? किल्ली होती तोवर इथं येऊन काय केलं? हे पान रजिस्टरात नाही, मामांनी लिहून दिलंय, मग आलं कुठून? माझ्या कॉम्प्युटरवरून खोटा कागद निघाला तर मी जेलात जाईन, कळतं का?

"अर्ज लपवले न्हाईत सर. तुमी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. मला रजिस्टर डोळ्यानं बघायचं होतं, म्हणून या कामाला हव म्हणले. त्यात चोरी काय?" त्यांचा आवाज चढला नाही. "एक प्रिंट द्या सर. शाळेत दाखवते. त्यांना खोटं वाटलं तर ते फाडतील. मुदत जूनअखेरची हाय, वयात बसायची माझी ही शेवटची खेप. एक प्रिंट, बस."

"खोट्या कागदाची प्रिंट मी देत नसतो."

आणि मी त्यांच्यासमोर चौथ्या कॉपीची पानं साठवलेलं फोल्डर निवडलं, शिफ्ट दाबून डिलीट दाबलं. रिसायकल बिनमध्येही जाऊ नये म्हणून. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की काढायचं? मी हो म्हणालो. शोभाताई पडद्याकडं बघत होत्या. मग त्यांनी फडकं घडी करून टेबलावर ठेवलं, खिडकीतला डबा घेतला आणि जिना उतरून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

उरलेलं काम मी एकट्यानं केलं. चौथी कॉपी मी काढून टाकली नाही, उलट रोज बघायचो. पाने: ०. पुन्हा कधीही एकसुद्धा पान आलं नाही. जून संपला. शोभाताईंच्या जागेवर प्रतीक्षायादीतलं कुणीतरी रुजू झालं, असं उडत उडत कळलं. मी मनाला समजावलं की आपण एक गैरप्रकार रोखला.

पोळा झाल्यावर दोन-चार दिवसांनी रंगनाथमामा आले. बस्ता नव्हता, हातात एक वर्तमानपत्राची गुंडाळी होती. जपून टेबलावर ठेवली.

"सर, त्या जुन्या रजिस्टराच्या पुठ्ठ्याला वाळवी लागली. हेडमास्तर म्हणले, पुठ्ठा काढून टाक. काढाया गेलो तर आतून हे निघालं."

कुणीतरी कधीकाळी रजिस्टर नव्यानं बांधताना सुटं झालेलं एक पान पुठ्ठ्याच्या आत अस्तर म्हणून खळीनं डकवलं होतं. लिहिलेली बाजू आत. वरून पुन्हा कापड. म्हणजे पुठ्ठा फोडल्याशिवाय ते जगात कुणालाही दिसणं शक्य नव्हतं. मामांनी ते पाण्यानं भिजवून भिजवून सोडवलं होतं.

कोपऱ्यात त्रेचाळीस. मधोमध शाईचा डाग, पेरूएवढा. सातवी ओळ मी बघितली, पण बघायची गरज नव्हती. फक्त एक फरक होता. या पानाला वाळवीनं चाळण केली होती आणि कडा खळीनं पिवळ्या पडल्या होत्या. मी पडद्यावर बघितलं ते पान अखंड होतं. एकही भोक नव्हतं, कडा स्वच्छ. ते पुठ्ठ्यात डकवण्याच्या आधीचं पान होतं.

"काय झालं सर? पाणी आणू का?" मामा विचारत होते.

शाळेनं त्या पानाची खरी नक्कल काढून दिली. ती घेऊन मी स्वतः शोभाताईंच्या भावाकडं गेलो. मामा म्हणाले होते, मी देतो, पण मीच गेलो. शोभाताई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, खुर्ची आणून दिली, भावजयीला चहा ठेवायला सांगितला. मी कागद पुढं केला. त्यांनी तो सावकाश वाचला, सातव्या ओळीवर बोट ठेवलं.

"त्या दिवशी हेच होतं ना सर?"

"हो."

"मग ते कुठून आलतं?"

"मला माहीत नाही शोभाताई. खरंच माहीत नाही. माझं चुकलं."

त्यांनी कागद घडी केला नाही, तसाच मांडीवर ठेवला. "कागद खोटा वाटला, त्याचं काय न्हाई सर. तसा कागद कोणालाबी खोटाच वाटंल. पण दोन वर्षं मी तुमच्यासमोर बसले. मी काहून खोटी वाटले?"

चहा आला. मी तो प्यायलो.

त्या नकलेवर पुढं त्यांच्या भाच्याची, भावाच्या मुलाची, पडताळणी झाली, त्याला कॉलेजला प्रवेश मिळाला. शोभाताईंची वयोमर्यादा संपली होती. त्या आता एका खाजगी दवाखान्यात असतात. बाजारात भेटल्या तर मान हलवतात, मीही हलवतो.

ती हार्ड डिस्क मी नंतर नांदेडला एका जाणकाराकडं नेली. त्यानं बाकीच्या फोल्डरांतली महिन्याभराची डिलीट झालेली पानं परत काढून दाखवली. चौथ्या फोल्डरात चार फाईलींची नावं निघाली, वेळा त्याच — दोन वाजून तीन मिनिटं — आणि आकार शून्य. तो म्हणाला, "सर, यात कधी काही नव्हतंच." त्यानंतर मी सॉफ्टवेअरवाल्या चार-पाच जणांना विचारलं. कुणी म्हणालं, एका कॉपीची मेमरी दुसरीत गेली असेल. पण जे पान तिन्ही स्कॅनरांनी कधी बघितलंच नाही ते मेमरीत येणार कुठून? ती बोटं कुणाची? शोभाताईंच्या आजोबांची म्हणावीत तर त्यांच्याकडं आजोबांचा एकही फोटो नाही. जोडीला माझ्याकडं आता पुरावाही नाही, तो मीच पुसला. तुम्ही हे वाचून हसलात तर मी तुम्हाला दोष देणार नाही.

चौथी कॉपी स्कॅनरशिवाय कशी चालली, याचं स्पष्टीकरण इतक्या वर्षांत मला मिळालेलं नाही आणि आता मिळेल असं वाटत नाही. पण शोभाताईंनी ओट्यावर जे विचारलं त्याचं तसं नाही. त्यांच्या जागी आमच्या भावकीतली कुणी असती तर मी प्रिंट काढून दिली असती, वर शाळेत फोनही केला असता. हे मला तेव्हाच माहीत होतं. चहा पिताना उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, आणि मी कप खाली ठेवून निघून आलो.